ठिबकचा कंट्रोलर रोह्समध्ये नापास झाला: पाच लाल खुणांचा अर्थ आणि पुढचं काम

आधी प्रश्न थोडक्यात. जळगाव एमआयडीसीतला एक लहान कारखाना ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनवतो. एबीएस प्लास्टिकच्या डब्यात बोर्ड, बाहेर केबल, चोवीस व्होल्टचे सोलेनॉइड (विजेने उघडबंद होणारे) व्हॉल्व्ह. रावेर-यावलच्या केळीबागांमध्ये हा माल चालतो. आता युरोपातल्या एका ग्राहकाने रोह्सची, म्हणजे विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपच्या नियमाची, कागदपत्रं मागितली, म्हणून मालकांनी एक अख्खा कंट्रोलर प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात पाच ठिकाणी लाल खूण आली: केबलच्या आवरणात डीईएचपी (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) १८ टक्के, बोर्डाच्या सोल्डरमध्ये शिसं ०.६ टक्के, पिवळ्या झिंक स्क्रूंवर हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप, 'हेक्सा क्रोम') 'पॉझिटिव्ह', पितळी टर्मिनलमध्ये शिसं २.८ टक्के आणि बोर्डात ब्रोमीन भरपूर, निष्कर्ष 'अनिर्णित'. सगळ्या पुरवठादारांनी तर 'रोह्स कम्प्लायंट' असं लिहून दिलं आहे. मग माल नापास का झाला आणि सर्टिफिकेट कुठून मिळेल, असं त्यांनी विचारलं आहे.

पाचपैकी तीन ठिकाणीच तुमचा माल खरोखर नापास आहे. पितळ आणि ब्रोमीन या दोन खुणांची काळजी सध्या बाजूला ठेवा, त्यांच्याकडे शेवटी वळू. सर्टिफिकेटचं म्हणाल तर ते देणारं कुठलंही सरकारी कार्यालय युरोपात नाही. रोह्समध्ये उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर घोषणा करतो आणि खाली सही करतो. प्रयोगशाळा फक्त तिच्या टेबलावर आलेल्या तुकड्याबद्दल बोलते. पुढच्या महिन्यात तुम्ही दुसऱ्या दुकानातून केबल उचलली, तर त्या केबलबद्दल तो अहवाल गप्प असतो. त्यामुळे खरं काम खरेदीत आणि स्टोअरमध्ये करायचं आहे. चाचणी ही त्या कामाची पडताळणी.

कायदा काय म्हणतो ते नेमकं पाहून घ्या. युरोपचा सध्याचा निर्देश २०११/६५ क्रमांकाचा आहे. त्याच्या आधीचा १ जुलै २००६ पासून लागू होता आणि त्यात सहा पदार्थ होते: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, आणि पीबीबी व पीबीडीई ही ब्रोमीनची आगरोधक रसायनं. पुढे २०१५/८६३ या दुरुस्तीने चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) जोडले गेले: डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी. ते बहुतेक वस्तूंना २२ जुलै २०१९ पासून लागू झाले, वैद्यकीय उपकरणं आणि देखरेख-नियंत्रणाची उपकरणं यांना २२ जुलै २०२१ पासून. तुमचा कंट्रोलर नियंत्रण उपकरणांच्या नवव्या वर्गात धरा किंवा 'इतर' या अकराव्या वर्गात, दोन्हीकडची मुदत उलटून गेली आहे. कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), बाकी नऊ पदार्थांची ०.१ टक्के म्हणजे १००० पीपीएम.

हे टक्के कंट्रोलरच्या वजनावर काढायचे नसतात. ते 'एकजिनसी पदार्था'वर काढतात, म्हणजे कापून, खरवडून, दळून किंवा स्क्रू काढून आणखी वेगळा करता येणार नाही अशा पदार्थावर. केबलचा एक तुकडा घ्या. तांब्याची तार एक पदार्थ, तिच्यावर कथिलाचा मुलामा असेल तर तो दुसरा, आतलं रंगीत इन्सुलेशन तिसरा (लाल, काळा, पिवळा हे वेगवेगळे धरायचे), बाहेरचं आवरण चौथा, त्यावरची छपाईची शाई पाचवा. प्रत्येकाला मर्यादा स्वतंत्र लागू. दोन किलोच्या यंत्रात अर्ध्या ग्रॅमचा एकच जोड शिशाच्या सोल्डरचा असला, तरी ते यंत्र नापास.

आता केबल. अहवालात लिहिलेलं डीईएचपी म्हणजे आपल्या पीव्हीसीच्या धंद्यातलं डीओपी. रसायन एकच आहे. १८ टक्के हा आकडा बघितल्यावर कारण शोधत बसायची गरज उरत नाही, कारण हा भेसळीचा आकडा नाही, फॉर्म्युल्याचा आहे. शंभर भाग रेझिन, चाळीस भाग डीओपी, सत्तर भाग कॅल्शियम कार्बोनेट आणि पाच भाग स्टॅबिलायझर (पीव्हीसी उष्णतेने बिघडू नये म्हणून घालतात तो) वगैरे मिळून २१५ होतात. त्यात ४० म्हणजे साडेअठरा टक्के. तुमच्या केबलवाल्याचं कंपाउंड साधारण असंच असणार. हाच आकडा ०.३ किंवा ०.८ टक्के आला असता, तर निदान वेगळं झालं असतं: फॉर्म्युला बरोबर आहे, पण मशीनमध्ये आधीच्या मालाचे दाणे राहिले, किंवा कुणीतरी भंगार केबलचा रिप्रो (पुन्हा वितळवून केलेला दाणा) मिसळला. अहवाल हातात आला की 'पास-नापास'च्या आधी आकडा किती मोठा आहे ते बघायची सवय लावून घ्या. कारण नेमकं कुठे आहे हे तोच सांगतो.

केबलवाला खोटं बोलत होता असंही लगेच समजू नका. आपल्या भागात पाइपांमुळे 'लेड फ्री' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या स्टॅबिलायझरवर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले आणि त्याऐवजी कॅल्शियम-झिंकचा वन-पॅक (तयार मिश्रणाचा स्टॅबिलायझर) इथे ओळखीचा झाला. तुमच्या अहवालातही केबलमध्ये शिसं सापडलेलं नाही. शिशाचा स्टॅबिलायझर असता, तर वरच्या फॉर्म्युल्यात तीन भाग टीबीएलएसनेसुद्धा बारा हजार पीपीएमच्या आसपास शिसं दिसलं असतं. पण लेड फ्री असणं वेगळं आणि रोह्समध्ये बसणं वेगळं. त्याच्याकडचा जुना अहवाल काढून बघा. बहुधा त्यात सहाच पदार्थ तपासलेले असतील, थॅलेटची ओळच नसेल.

उपाय म्हणून डीओटीपी किंवा डीआयएनपीवर बनवलेलं कंपाउंड मागा. हे दोन्ही त्या दहा पदार्थांत येत नाहीत. डीओटीपीने तोच मऊपणा आणायला प्रमाण थोडं वाढवावं लागतं, तेव्हा कडकपणा आणि उष्णतेतल्या एजिंगची चाचणी पुन्हा करून घ्या. नुसती प्लास्टिसायझरची अदलाबदल करून जुन्या फॉर्म्युल्यावर माल काढला, तर केबल ताठ निघते आणि केबल ग्रंथीत (केबल डब्यात शिरते तिथल्या घट्ट तोंडात) वळवताना त्रास देते. स्वस्त कंपाउंडमध्ये क्लोरिनेटेड पॅराफिनही घालतात. ते रोह्सच्या यादीत नाही, पण त्यातला शॉर्ट-चेन प्रकार २०१७ पासून स्टॉकहोम कराराच्या यादीत आहे आणि युरोपचा ग्राहक त्याबद्दल वेगळं विचारणारच. एकदाच सगळं विचारून घ्या.

खरी गडबड होते ती मशीन बदलताना. एक्स्ट्रूडरवर (तारेवर प्लास्टिक चढवणाऱ्या मशीनवर) सकाळी डीओपीचं कंपाउंड चाललं आणि दुपारी तुमचं. हॉपर, स्क्रू आणि डायमध्ये मिळून फक्त अर्धा किलो जुना माल राहिला आणि तो तुमच्या पहिल्या शंभर किलोंत मिसळला, तर ५०० ग्रॅमांच्या १८ टक्के म्हणजे ९० ग्रॅम डीईएचपी आलं. शंभर किलोंत ते ०.०९ टक्के होतं. मर्यादा ०.१ आहे. त्यातही हे मिश्रण सारखं होत नाही, सुरुवातीच्या मीटरमध्ये प्रमाण कितीतरी जास्त असतं. म्हणून केबलवाल्याशी लेखी ठरवा: तुमच्या मालाआधी मशीन स्वच्छ दाण्याने पर्ज करायचं (आतला जुना माल ढकलून काढायचा), पर्जचा माल आणि सुरुवातीची केबल बाजूला काढायची, तुमच्या ऑर्डरमध्ये रिप्रो अजिबात घालायचा नाही. त्याची दोन मशीन असतील, तर एक कायमचं डीओपीमुक्त ठेवायला सांगा. पर्जवर भरवसा ठेवण्यापेक्षा ते परवडतं.

थॅलेटची आणखी एक खोड आहे. ते प्लास्टिकमध्ये पक्के बांधलेले नसतात, मऊ पीव्हीसीतून शेजारच्या प्लास्टिकमध्ये झिरपतात. तुमच्या शेडमध्ये मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन तापतं, तेव्हा हा झिरपा वाढतो. असेंब्लीच्या टेबलावरची पीव्हीसीची चटई, पीव्हीसीचे हातमोजे, गुंडाळायची मऊ पारदर्शक शीट, जुन्या केबलच्या ढिगावर ठेवलेलं नवं केबलचं भेंडोळं, या सगळ्यांतून चांगला माल बिघडू शकतो. टेबलावर रबराची किंवा पॉलिथिलीनची शीट घाला आणि नवी केबल पॉलिथिलीनच्या पिशवीत वेगळ्या मांडणीवर ठेवा.

सोल्डरमधल्या ०.६ टक्के शिशाकडे वळू. इथेही आकडा बोलतो. बोर्ड ६०/४० ने (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डर केला असता, तर जोडात शिसं चाळीस टक्क्यांच्या आसपास दिसलं असतं. ०.६ म्हणजे तुम्ही लेड फ्री सोल्डर वापरताय, पण त्यात शिसं मिसळतंय. ते तीन वाटांनी येतं: पॉटमधून (वितळलेल्या सोल्डरच्या भांड्यातून), बोर्डाच्या मुलाम्यातून किंवा टचअपच्या, म्हणजे हाताने जोड दुरुस्त करायच्या, तारेतून.

पॉटचा हिशेब कागदावर मांडा. समजा तुमचा डिप सोल्डरिंगचा पॉट पंधरा किलोंचा आहे. ०.१ टक्के म्हणजे १५ ग्रॅम शिसं, आणि ते यायला ६०/४० सोल्डर जेमतेम साडेसदतीस ग्रॅम पुरतं. ०.६ टक्क्यांना ९० ग्रॅम शिसं लागतं, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम ६०/४०. जुना पॉट रिकामा करून त्यातच लेड फ्री बार वितळवले असतील, तर भिंतींना आणि तळाला चिकटून तेवढं सहज राहतं. पॉट खरवडून काढला म्हणून तो शिसंमुक्त होत नाही. शिवाय लेड फ्री बारमध्येही मुळात थोडं शिसं असतं. पुरवठादाराच्या विश्लेषणात ते ०.०३ आहे की ०.०८ हे आधी बघा. ०.०८ असेल, तर तुमच्या हातात चुकीला जागाच उरत नाही.

आता त्या पॉटमध्ये नवे बार घालून प्रमाण खाली आणायच्या फंदात पडू नका. ०.६ वरून ०.०५ वर यायचं तर बारा भागांतले अकरा भाग काढून टाकावे लागतात, म्हणजे जवळपास सगळाच माल. त्यापेक्षा नवा पॉट घ्या, आणि तो लेड फ्रीसाठी बनवलेला असल्याची खात्री करा. कथिलाचं प्रमाण जास्त असलेलं सोल्डर साधं स्टेनलेस स्टील हळूहळू खातं. लेप दिलेलं किंवा ओतीव लोखंडाचं भांडं टिकतं. जुना पॉट फक्त कोपऱ्यात सरकवून ठेवू नका, विभागाबाहेर काढा. तो समोर दिसत राहिला, तर घाईच्या दिवशी कुणीतरी वापरतोच.

तापमानाचंही बघा. ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबं असलेलं एसएसी३०५ हे २१७ ते २२० अंशांत वितळतं. चांदी नसलेलं कथील-तांब्याचं २२७ अंशांना. त्यामुळे पॉट साधारण २५५ ते २६५ अंशांवर ठेवावा लागतो. साध्या बोर्डांना कथील-तांब्याचं चालतं आणि ते स्वस्त पडतं. एवढ्या तापमानाला जुन्या सवयीने बोर्ड जास्त वेळ बुडवला, तर पॅड उखडतात, स्वस्त बोर्डाचे थर सुटतात आणि पॉटमध्ये तांबं विरघळत जातं. तांबं वाढलं की सोल्डर घट्ट होतं, जोडांमध्ये ब्रिज पडू लागतात, म्हणजे शेजारचे जोड एकमेकांना चिकटतात. दर काही महिन्यांनी पॉटमधला नमुना काढून शिसं आणि तांबं दोन्ही तपासून घ्या आणि तो आकडा वहीत तारखेसह नोंदवा. पॉटबद्दल यापेक्षा उपयोगी पुरावा दुसरा नाही.

दुसरी वाट बोर्डाची. स्वस्त बोर्डावर हॅसलचा (वितळलेल्या सोल्डरचा) मुलामा असतो आणि ऑर्डरमध्ये काही लिहिलं नसेल, तर तो शिशाचा असू शकतो. ऑर्डरवर 'लेड फ्री हॅसल' असं स्पष्ट लिहा, किंवा ओएसपी (सेंद्रिय थर) किंवा एनिग (निकेल-सोन्याचा मुलामा) मागा. ड्रॉइंगवर, गर्बर फाइलसोबतच्या (बोर्डाच्या आराखड्याच्या फाइलसोबतच्या) नोंदीत आणि पर्चेस ऑर्डरवर, तिन्हीकडे तेच हवं. शिशाचा मुलामा असलेले बोर्ड लेड फ्री पॉटमध्ये बुडवले, तर प्रत्येक बोर्ड थोडं शिसं मागे ठेवून जातो आणि नवा पॉटही काही आठवड्यांत बिघडतो.

तिसरी वाट सगळ्यात सामान्य, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. लेड फ्रीचा जोड थोडा निस्तेज आणि दाणेदार दिसतो. शिशाच्या चकचकीत जोडाची सवय असलेल्या डोळ्यांना तो 'कोरडा' वाटतो, आणि तपासणारी मुलगी चांगल्या मनाने त्यावर जुन्या तारेने पुन्हा सोल्डरिंगची इस्त्री लावते. चूक तिची नाही. तिला चांगला आणि वाईट लेड फ्री जोड कसा दिसतो याचे फोटो टेबलावर लावून द्या. हँड सोल्डरिंगसाठी टीप ३५० ते ३८० अंशांवर ठेवा. तार, टीप, स्पंज, सोल्डर पंप, सोल्डर शोषणारी वेणी हे सगळं वेगळं ठेवा आणि इस्त्रीच्या मुठीला हिरवी टेप लावा. ६०/४० ची तार त्या खोलीत दिसताच कामा नये. जुन्या गिऱ्हाइकांचे कंट्रोलर दुरुस्तीला येतात, त्यांच्यासाठी दुसरं टेबल दुसऱ्या खोलीत लावा.

स्क्रूंचं काम सोपं आहे. पिवळं, इंद्रधनुषी झिंक प्लेटिंग जुन्या पद्धतीने केलं, की पॅसिव्हेशनच्या (गंज रोखणाऱ्या रासायनिक) थरात हेक्सा क्रोम येतं. हा थर इतका पातळ असतो की त्याचं वजन काढून टक्के सांगता येत नाहीत. म्हणून आयईसी ६२३२१-७-१ या पद्धतीत उकळत्या पाण्यात अर्क काढून प्रति चौरस सेंटिमीटर किती मायक्रोग्रॅम उतरलं ते मोजतात. ०.१३ च्या वर पॉझिटिव्ह, ०.१० च्या खाली निगेटिव्ह, मधलं अनिर्णित. रंगावर विश्वास ठेवू नका. ट्रायव्हॅलंटमध्ये (रोह्सला चालणाऱ्या क्रोमियमच्या रूपात) रंग घालून पिवळं करता येतं आणि निळसर-पांढरं प्लेटिंगही जुन्या रसायनाचं असू शकतं. प्लेटिंगवाल्याच्या चलानवर 'ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन, हेक्सा क्रोम नाही' असं बॅचसह लिहून घ्या. डायफिनाइल कार्बाझाइडचा थेंब टाकून होणारी चाचणी तुमच्या स्टोअरमध्येही करता येते, लालसर-जांभळा रंग आला की माल परत.

माझा सल्ला असा की एम३ आणि एम४ चे स्क्रू सरळ एसएस ३०४ चे घ्या. कंट्रोलरमागे स्क्रू मोजकेच, पंपघरात दमट हवा, गंजाची तक्रारही मिटते. फक्त हे ध्यानात ठेवा की एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं) स्टेनलेसमध्ये अठरा टक्के क्रोमियम दाखवेल. ते धातूरूप क्रोमियम आहे, हेक्सा नव्हे, रोह्सला त्याची हरकत नाही. आतल्या पट्ट्या, डीआयएन रेल आणि नट-वॉशर विसरू नका. लोक स्क्रू बदलतात आणि वॉशर पिवळेच राहतात.

आता त्या दोन खुणा, ज्या बाजूला ठेवायला सांगितल्या होत्या. पितळात २.८ टक्के शिसं आहे, कारण टर्मिनल फ्री-कटिंग पितळाचं आहे. सहज कातला जावा म्हणून त्यात शिसं घालतातच. तांब्याच्या मिश्रधातूंना ४ टक्क्यांपर्यंत शिशाची सूट निर्देशाच्या तिसऱ्या परिशिष्टात ६(सी) या क्रमांकाने आहे. पोलादाला ०.३५ टक्के आणि ॲल्युमिनियमला ०.४ टक्के अशाही सवलती आहेत. पण सूट आपोआप लागत नाही, तुमच्या कागदांत तो क्रमांक आणि त्या भागाचं नाव लिहिलेलं असावं लागतं. शिवाय सवलती मुदतीच्या असतात, वर्गानुसार मुदत बदलते आणि मजकूरही बदलला जातो. घोषणेवर सही करायच्या दिवशी परिशिष्टाची ताजी एकत्रित प्रत उघडून क्रमांक जुळवा. भंगार वितळवून ओतलेल्या पितळात शिसं चार टक्क्यांच्या वरही जाऊ शकतं, म्हणून जामनगरहून येणाऱ्या टर्मिनलच्या प्रत्येक लॉटसोबत धातूचं विश्लेषण मागा.

ब्रोमीनचं असं आहे की एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डाला आगरोधक गुण टीबीबीपीए या ब्रोमीनच्या रसायनाने दिलेला असतो आणि ते रोह्समध्ये बंद नाही. एक्सआरएफला फक्त ब्रोमीन हे मूलद्रव्य दिसतं. ते टीबीबीपीएचं आहे की पीबीडीईचं हे त्याला कळत नाही. म्हणून निष्कर्ष 'अनिर्णित' आला. आयईसी ६२३२१-६ नुसार जीसी-एमएसवर (रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर) तेवढा एक तुकडा तपासून घ्या, किंवा लॅमिनेट (बोर्डाचा मूळ पत्रा) बनवणाऱ्याचा अहवाल मागा. क्रोमियमचंही तसंच, एक्सआरएफ एकूण क्रोमियम दाखवतं. थॅलेट तर त्याला दिसतच नाहीत. एक्सआरएफची बंदूक फिरवून कुणी 'सगळं रोह्स आहे' म्हणालं, तर ते उत्तर अर्धंच असतं.

तुमच्या अहवालात आलेली नाही, पण मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती डब्याच्या काळ्या एबीएसची. जळगावात चटईच्या धंद्यामुळे रिसायकल दाण्याची चांगली जाण आहे आणि दाणा सहज मिळतो. चटईला तो ठीक. पण काळं रिसायकल एबीएस पुष्कळदा जुन्या टीव्ही आणि संगणकांच्या कवचांपासून येतं आणि त्या कवचांत पीबीडीई घातलेलं असायचं. त्यातच जुन्या रंगद्रव्यांचं कॅडमियम आणि शिसं. एका लॉटमध्ये ते नसेल, पुढच्यात असेल. मोल्डरला व्हर्जिन (कोऱ्या, न वापरलेल्या) दाण्याच्या बिलाची प्रत मागा, ग्रेडचं नाव ड्रॉइंगवर टाका आणि त्याच्या स्वतःच्या रनरचा रिग्राइंड (साच्याच्या वाटेत उरलेलं प्लास्टिक दळून केलेला चुरा) किती टक्के चालेल ते ठरवा. बाहेरचा रिग्राइंड अजिबात नको. मास्टरबॅचचा (रंगाच्या दाण्याचा) कागद वेगळा घ्या.

इतर भाग भराभर सांगतो. पिवळ्या-नारिंगी पावडर कोटिंगमध्ये लेड क्रोमेट असू शकतं. जुन्या पद्धतीच्या फ्लोट स्विचमध्ये पारा असतो, कंट्रोलरसोबत फ्लोट देत असाल तर प्रकार बघा. रिलेच्या संपर्कबिंदूंत सिल्व्हर कॅडमियम ऑक्साइड असतं का ते विचारा आणि सिल्व्हर टिन ऑक्साइडचा रिले निवडा, म्हणजे सवलतीच्या भानगडीत पडावं लागत नाही. पिझो बझर आणि काही सिरॅमिक भागांतल्या शिशाला सूट आहे, ७(सी)-१ या नोंदीत बघा. हीट श्रिंक, पीव्हीसी स्लीव्ह, केबल ग्रंथीचं रबर आणि फोम टेप यांना थॅलेटसाठी तपासा.

कागदपत्रांना ईएन आयईसी ६३००० हे मानक आहे. त्याचा गाभा हा की प्रत्येक भागाच्या धोक्याचा आणि पुरवठादाराच्या विश्वासार्हतेचा अंदाज घ्यायचा आणि त्यानुसार पुरावा गोळा करायचा. सरसकट सगळं तपासायला ते सांगत नाही. एक तक्ता करा: भाग क्रमांक, त्यातले एकजिनसी पदार्थ, पुरवठादार, धोका, पुरावा, सवलत, तारीख. नामांकित कंपनीचा एसएमडी रेझिस्टर असेल, तर त्यांची घोषणा पुरे. स्थानिक मऊ पीव्हीसी, प्लेटिंग, काळं एबीएस आणि रंग यांना चाचणी अहवाल हवाच. या तक्त्यासोबत वस्तूचं वर्णन, पुरावे आणि लागू केलेली मानकं मिळून तांत्रिक फाइल होते. मग अनुरूपतेची घोषणा, सीई खूण, आणि वस्तूवर बॅच किंवा अनुक्रमांक, तुमचं नाव व पत्ता. फाइल आणि घोषणा दहा वर्षं जपायची. 'ही मोठ्या स्थिर यंत्रणेचा भाग आहे म्हणून रोह्स लागत नाही' असं कुणी सुचवलं, तर ऐकू नका. कुणालाही सुटा विकला जाणारा कंट्रोलर त्या अपवादात बसत नाही.

प्रयोगशाळेला पुढच्या वेळी अख्खा कंट्रोलर पाठवू नका. भाग स्वतः सुटे करा, पिशव्यांवर भाग क्रमांक लिहा आणि कुठल्या पदार्थावर कुठली चाचणी ते तुम्हीच सांगा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यता नुसत्या प्रयोगशाळेला आहे की त्या विशिष्ट पद्धतीला, ते त्यांच्या स्कोपमध्ये बघा. हैदराबादच्या सी-मेट या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेत रोह्सची सोय आहे, पुण्यातही खासगी प्रयोगशाळा आहेत. अहवालात 'कंपोझिट' हा शब्द दिसला, तर थांबा. पैसे वाचवायला तीन रंगांची इन्सुलेशन एकत्र दळतात. एकात २५०० पीपीएम शिसं आणि दोन स्वच्छ असतील, तर सरासरी ८३३ येते आणि अहवाल 'पास' म्हणतो. अशा आकड्याला नमुन्यांच्या संख्येने गुणून बघा, हजाराच्या वर गेला की प्रत्येकाची वेगळी चाचणी करा. पुरवठादाराने दिलेल्या अहवालावर फोटो, भाग क्रमांक आणि दहाही पदार्थ आहेत का, आणि तो दाण्याचा आहे की प्रत्यक्ष केबलचा, एवढं तरी तपासाच.

भारतातल्या विक्रीचंही सांगायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ मधला सोळावा नियम पहिल्या सहा पदार्थांना त्याच मर्यादा घालतो, थॅलेट त्यात नाहीत. तो पहिल्या अनुसूचीतल्या वस्तूंना लागू आहे, सवलती दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उत्पादकाने वापरपुस्तिकेत घोषणा द्यायची असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बाजारातून नमुना उचलू शकतं आणि नमुना नापास झाला, तर माल परत घ्यावा लागतो. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत, पण युरोपात अशी सूट नाही, आणि मोठ्या कंपनीला माल देत असाल तर तीही कागद मागतेच. सूट असली तरी शिसं टाळा असंच मी म्हणेन. पॉटवर दिवसभर वाकून उभा राहणारा माणूस तुमचाच आहे, आणि भंगारात गेलेली केबल तांब्यासाठी जाळणारी मुलंही याच जिल्ह्यातली आहेत.

तयार मालाचं काय करायचं ते आता. केबल आणि स्क्रू बदलता येतात, डबे व्हर्जिन दाण्याचे असल्याचा कागद असेल तर तेही चालतील. सोल्डर झालेले बोर्ड मात्र युरोपला पाठवू नका. जोड उकलून पुन्हा सोल्डर केल्यावर पॅडवर आणि भागांच्या पायांवर शिसं उरतंच, तो बोर्ड खात्रीने मर्यादेत आला असं म्हणता येत नाही. ग्राहकाला स्पष्ट लिहा: तीन ठिकाणी दोष सापडले, कारणं ही, नवी केबल, नवा पॉट आणि एसएस स्क्रू यांवरची पहिली बॅच अमुक तारखेला, सोबत सुट्या भागांचे अहवाल. जुने बोर्ड वेगळ्या खोलीत, मोजून, 'निर्यातीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावून ठेवा. आणि त्यांचे भाग क्रमांक नव्या बोर्डांपेक्षा वेगळे करा, म्हणजे स्टोअरमधून चुकूनही एकाच्या जागी दुसरा उचलला जाणार नाही.